नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: वर जाताना अख्खी, उतरताना शटल

माथेरानला लवकर पोहोचायचं असेल तर ही गाडी तुमच्या कामाची नाही. टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्यावर, म्हणजे मोटारींच्या शेवटच्या थांब्यावर, कधीच सोडून मोकळी होते. मिनी ट्रेन २१ किलोमीटरला अडीच तासांहून जास्त लावते. तरी मी आईला घेऊन मुद्दाम हिनेच गेले.

वाटेतलं जुम्मापट्टी स्टेशन सुटलं की गंमत सुरू. दोन फुटी रूळ, १ ला २० चा चढ आणि वळणं अशी की शेवटच्या डब्यात बसल्या जागी आपलंच इंजिन समोर दिसतं. विस्टाडोम या काचेच्या खास डब्याची मोठी काच छानच, पण माझं मत साध्या डब्याला. खिडकी उघडी, करवंदीच्या जाळ्या हाताशी, ओल्या कातळाचा वास थेट नाकात. आईचा सगळा प्रवास ‘हात आत घे’ म्हणण्यात गेला. वाटेतल्या एकुलत्या एक बोगद्याचं नाव ‘वन किस’. ते ऐकून ती लाजली, आणि तिचं लाजून होईस्तोवर बोगदा संपलाही.

मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख घालून बांधलेली ही लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. २००५ च्या पावसाने ती उखडली, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर थांबली, २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच. नेरळपासूनची गाडी परत धावली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. दरीच्या बाजूला बसलात तर या दुरुस्तीचा पैसा कुठे गेला ते दिसतं: जाळ्यांत दगड भरून रचलेल्या भिंती, सिमेंटचे स्लीपर. फोटोत कोणी घेत नाही, पण गाडी त्यांच्याच जिवावर चालते. पुढेही नव्या डब्यांआधी पाणी वाहून नेणाऱ्या गटारांवर खर्च व्हावा, असं मला वाटतं.

रोजगाराचं म्हणाल तर माथेरानात मोटारी नाहीत, त्यामुळे घोडेवाले, हमाल, लॉजवाले सगळ्यांचं पोट पायी फिरणाऱ्या पाहुण्यावर. दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरानपर्यंतच्या छोट्या फेरीच्या गाडीने, म्हणजे शटलने, आलेला बराचसा पाहुणा पॉइंट बघून संध्याकाळी उतरतो. नेरळहून रमतगमत आलेल्याला परतायची घाई नसते. तो मुक्काम करतो, सकाळी नाश्ता मागतो, जाताना चपला आणि चिक्की घेतो. म्हणून नेरळपासूनचा खालचा मार्ग चालू राहणं मला शटलच्या फेऱ्या वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज बंद असतं, फक्त वरची शटल चालते. दिवाळीनंतरचा बेत करा. नेरळला तिकीट खिडकीवर वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा आणि सामान मांडीवर मावेल एवढंच घ्या. गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तर उतरताना सरळ शटल आणि पुढे टॅक्सी.