अकरा महिने फक्त सोलरवर: जायकवाडीच्या फुगवट्यावरच्या आमच्या वस्तीचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर बसवलं होतं, आता पोळा होऊन गेला. थंडी, ऊन, पाऊस तिन्ही बघून झाले म्हणून आता लिहिते. आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण पाऊस संपल्यावर बसवलेलं सोलर पहिले चार-पाच महिने कुणाचंही छानच चालतं.

आमची वस्ती पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर. तीन घरं, आमचं, दिराचं आणि चुलत सासऱ्यांचं. धरण भरलं की गावाकडचा रस्ता पाण्याखाली जातो अन् आमचं बेट होतं, मग दोन-तीन महिने किराणा, दवाखाना सगळं होडीनं. समोरचं पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. लाईनचे खांब आजवर आले नाहीत, अर्ज करून करून थकलो. आधी जनरेटर होता, पेट्रोल कॅनमध्ये भरून होडीतून आणायचं आणि तो सुरू केला की समोरच्या उथळ पाण्यातले चक्रवाक उठून पलीकडच्या काठाला जायचे, दर संध्याकाळी, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

आता सामान सांगते. ५४० वॉटची ६ पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॉट, ५ केव्हीएचा ऑफ-ग्रिड म्हणजे लाईनशिवाय चालणारा इन्व्हर्टर, आणि ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे ५ युनिटची. खर्च अडीच लाखाच्या पुढं गेला. सबसिडी शून्य. सूर्यघर योजनेचे ७८ हजारापर्यंतचे पैसे ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेल्या छतालाच मिळतात, ज्यांच्या दारात लाईनच पोचली नाही त्यांना नाही, हे मला आजही पटत नाही. शेतातला पंप वेगळा आहे, तो ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून १० टक्के भरून घेतला, त्याला बॅटरी नाही, त्याची काही तक्रार पण नाही.

पहिला दणका मे महिन्यात. सगळ्यांना वाटतं ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, मलापण तसंच वाटायचं. पण पॅनेलवर लिहिलेला आकडा २५ अंशाला मोजलेला असतो आणि त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्का घटतो, आपल्याकडं ४२-४३ च्या दुपारी पॅनेल ६५ च्या वर तापतं म्हणजे १४-१५ टक्के तिथंच गेले. फेब्रुवारीत दुपारी मोबाईलवर जो आकडा दिसायचा तो मे महिन्यात एकदाही दिसला नाही. बरं ते चालून गेलं असतं, पण बसवणाऱ्यानं बॅटरी पत्र्याच्या शेडात ठेवलेली. एक दिवस दुपारी तीनला, वर ऊन रणरणतंय आणि घरात पंखे बंद! बॅटरी तापली म्हणून तिच्यातल्या बीएमएसनं, म्हणजे तिला जपणाऱ्या सर्किटनं, कनेक्शनच तोडलेलं. फोन केला तर म्हणे आठ दिवसांनी माणूस पाठवतो. शेवटी ह्यांनी आणि दिरानं ती पंचेचाळीस किलोची पेटी उचलून जुन्या घरातल्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या छताखाली नेली, वायर वाढवून घेतली, त्या खोलीत मे महिन्यात पण भिंतीला हात लावला तर गार लागतो. त्यानंतर एकदाही तुटलं नाही. ज्याच्याकडं माळवद आहे त्यानं बॅटरी पत्र्याखाली अजिबात ठेवू नये.

पण खरी परीक्षा श्रावणात झाली. सलग तीन दिवस आभाळ, भुरभुर पाऊस. पहिल्या दिवशी काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री दोनला पंखे गेले. तिसऱ्या दिवशी दिवसभरात जेमतेम ३ युनिट आले आणि तिन्ही घरांचा मिळून वापर ६ चा, फ्रिजमधलं दूध नासलं. रस्ता पाण्याखाली, होडी काढायची सोय नाही. मग मी हिशेब करत बसले, तो आधीच करायला पाहिजे होता. पॅसिफिकमध्ये अमेरिकन सामोआचं तऊ नावाचं बेट आहे, सहाशेच्या आत लोकसंख्या, बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान, पूर्वी विजेसाठी डिझेल जहाजानं यायचं. २०१६ मध्ये तिथं ५,३२८ पॅनेल लावली, १.४ मेगावॉट म्हणजे १,४०० किलोवॉट, आणि साठा ठेवला ६ मेगावॉट-तासाचा, म्हणजे ६,००० युनिटचा, तीन दिवस ऊन नाही पडलं तरी बेट चालावं म्हणून. म्हणजे १ किलोवॉट पॅनेलमागे ४ युनिटपेक्षा जास्त साठा. आमच्याकडं? दीड! दुकानदारानं सरासरी धरून दिलं होतं, वर्षाची सरासरी बरोबरच येते हो, पण तिसऱ्या ढगाळ रात्री सरासरीचं काय करायचं.

मग तशीच दुसरी बॅटरी घेतली. जोडताना दोन्ही पूर्ण चार्ज करून मगच जोडायच्या, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीकडं एकदम करंट ढकलते. पण साठा वाढवून भागत नाही, तो भरायला पण पाहिजे, म्हणून वापर उकरून काढला. इन्व्हर्टर काहीच न चालवता स्वतःच ५० वॉट खातो, दिवसाचे १.२ युनिट, हे पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं! आता पाऊस लागला की रात्री दहाला फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद, तेवढ्या रात्रीपुरता घरटी एक डीसी दिवा, तो इन्व्हर्टरशिवाय बॅटरीवर चालतो. जुने ७५ वॉटचे पंखे काढून ३० वॉटचे बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे लावले, सगळ्या खर्चात ह्याच्यासारखा वसूल झालेला पैसा दुसरा नाही. घरची चक्की, पाण्याची मोटर, मिक्सर सगळं ११ ते ३ मध्ये, आणि दोन मोटरी एकदम सुरू करायच्या नाहीत, सुरू होताना चार-पाच पट करंट ओढतात, इन्व्हर्टर लगेच ट्रिप. सासूबाईंना आता मोबाईल बघायची गरज लागत नाही, अंगणात येऊन वर बघतात आणि सांगतात, "पोरी, पश्चिमेला आभाळ आलंय, दळण आत्ताच उरकून घे." बहुतेक वेळा बरोबर निघतं.

पक्ष्यांचं सांगायचं राहिलं. हिवाळ्यात बगळे आणि पाणकावळे पॅनेलच्या वरच्या कडेवर बसायला लागले, उंच जागा मिळाली ना त्यांना. तळहाताएवढी विष्ठा एका कोपऱ्यात पडली तरी त्या पॅनेलचा तिसरा भाग बंद पडतो, आतली रचनाच तशी असते. बाजारात खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात, नायलॉनचा दोरा बांधा असंही कुणी सांगितलं, पण पाय अडकून एखादा पक्षी लोंबकळलेला मला बघवला नसता. चुलत सासऱ्यांनी पॅनेलच्या मागं, उत्तरेला, पॅनेलपेक्षा दोन हात उंच बाभळीचा ओंडका रोवला, आठ दिवसांत निम्म्याहून जास्त पक्षी तिकडं गेले. धुवायचं पहाटे, काच गार असताना, साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं, बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग राहतात ते मग निघत नाहीत.

जनरेटर विकला. चक्रवाक मागच्या हिवाळ्यात आमच्या काठावर अंधार पडेपर्यंत थांबायचे, मी भाकरी करता करता ऐकायची. बाहेरचा पांढरा फ्लड लाईट काढून खाली तोंड केलेला छोटा पिवळा दिवा लावलाय.

घ्यावं का विचाराल तर घ्या, पण पॅनेल मागाहून वाढवता येतील, साठ्यात हात आखडू नका, आणि बॅटरी कुठं ठेवणार ते पैसे देण्याआधी ठरवा. आम्हाला अजून दोन पॅनेल लागणार आहेत पुढच्या पावसाच्या आत. आणि दसऱ्याच्या आत दुसरा ओंडका रोवायचाय, फक्त जागा बघून, कारण जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकतो तेव्हा पहिल्या ओंडक्याची सावली उलटी पॅनेलवर आली होती, ती कुठवर येते ते दिरानं तेव्हाच चुन्यानं आखून ठेवलंय.