स्वस्त कॅप्चर कार्ड: खोक्यावरचा ४के आणि आतली चिप

गेम स्ट्रीमिंगसाठी कॅप्चर कार्ड, म्हणजे गेम कन्सोलचे चित्र संगणकात घेणारे उपकरण, शोधू लागले, की हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे, पेनड्राइव्हएवढे एचडीएमआय डोंगल सर्वांत आधी समोर येते आणि त्याच्या खोक्यावर ४के हा आकडा ठळक छापलेला असतो. हा दावा धडधडीत खोटा नसला तरी अर्धवट जरूर आहे. ४के चित्र डोंगलमध्ये शिरू शकते. संगणकाकडे मात्र जास्तीत जास्त १०८०पी (फुल एचडी) आणि तेही सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने पोहोचते. ६० फ्रेम हव्या असतील तर ७२०पीवर उतरावे लागते.

या डोंगलांवरची नावे वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या पोटात मॅक्रोसिलिकॉन कंपनीची एमएस२१०९ हीच चिप असते. ही चिप यूएसबी २.० वर चालते आणि त्या मार्गाची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. १०८०पीचे न दाबलेले (कॉम्प्रेस न केलेले) चित्र ६० फ्रेमने पाठवायचे तर जवळजवळ २,००० मेगाबिट लागतात. म्हणून चिप प्रत्येक फ्रेम जेपीईजीसारखी दाबून पाठवते. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ फॉरमॅटच्या जागी चुकून वायूवाय२ हा न दाबलेला प्रकार निवडला गेला, तर १०८०पीचे चित्र सेकंदाला ५ फ्रेमवर येऊन रखडते आणि वस्तू बिघडलेली आहे असे वाटते. तिथे एमजेपीईजी हा दाबलेला प्रकार निवडला की ते ताळ्यावर येते.

दाबलेल्या चित्राची कसर नेमकी कुठे दिसते, हे पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या प्रसंगांत काळ्या रंगाचे चौकोनी तुकडे पडतात आणि लाल रंगातल्या बारीक अक्षरांच्या कडा विसविशीत होतात. मात्र थेट प्रक्षेपणासाठी ओबीएस तेच चित्र आणखी कितीतरी पटींनी दाबत असल्यामुळे मोबाइलवर पाहणाऱ्या प्रेक्षकाला हा फरक क्वचितच जाणवतो. चित्रण साठवून नंतर संपादन करणाऱ्याला तो जाणवेल. आवाजाचीही एक खोड आहे: ही चिप ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज संगणकाला ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून सांगते, त्यामुळे डावे-उजवे वेगळे ऐकू येत नाही. खेळणाऱ्याला आवाज टीव्हीवरून मिळत असेल तर त्याचे काही अडत नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने हे उणेपण मी फारसे गंभीर मानत नाही.

माझ्या मते खरी निवड ब्रँडमध्ये नसून चिपमध्ये आहे. गप्पा मारत खेळायचे, संथ गेम दाखवायचे, ३० फ्रेम चालतात, अशांना एमएस२१०९ पुरेशी आहे. रेसिंग किंवा फायटिंग गेम दाखवायचे असतील तर थोडे जास्त पैसे मोजून त्याच कंपनीच्या एमएस२१३० चिपचे, खऱ्या यूएसबी ३.० चे डोंगल घ्यावे. ५ गिगाबिटच्या मार्गावरून १०८०पीच्या ६० फ्रेम न दाबता जातात. इथे फसगतीला भरपूर वाव आहे, कारण प्लगमधले प्लास्टिक निळे करून जुनीच चिप विकण्याची युक्ती सर्रास चालते. खऱ्या यूएसबी ३.० प्लगच्या तोंडात डोकावले तर पुढच्या चार पट्ट्यांमागे आणखी पाच संपर्क दिसतात. त्यानेही समाधान झाले नाही, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी पाहावा. तिथे ५३४डी आणि २१०९ दिसले, तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, चिप जुनीच आहे. ऑनलाइन खरेदी असेल तर वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीच ही तपासणी उरकावी.

केवळ यूएसबी २.० म्हणून एखादे कार्ड कमी दर्जाचे ठरवणेही बरोबर नाही. अॅव्हरमीडियाचे लाइव्ह गेमर मिनी त्याच जुन्या मार्गावरून १०८०पीच्या ६० फ्रेम देते, कारण ते कार्डातच एच.२६४ पद्धतीने चित्र दाबते. एल्गाटोचे २०२२ सालचे एचडी६० एक्स त्याहून वरच्या वर्गातले आहे. त्यातून टीव्हीला ४के ६० फ्रेमचे चित्र जाते आणि संगणकावर ४के ३० फ्रेमने नोंदवता येते. पण नुकती सुरुवात करणाऱ्याने एवढा खर्च करण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या माइकवर घालवावेत, कारण घरघरणारा आवाज प्रेक्षक सहन करत नाहीत.

स्वस्त डोंगलची सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. त्यातल्या अनेकांना टीव्हीकडे जाणारे दुसरे एचडीएमआय तोंड नसते आणि ओबीएसच्या खिडकीत दिसणारे चित्र हाताच्या हालचालीच्या किंचित मागे राहते. तेवढा उशीर नेमबाजीच्या गेममध्ये जीव घेतो. त्यामुळे दुसरे तोंड असलेला प्रकार घ्यावा किंवा एकच चित्र दोन ठिकाणी पाठवणारा एचडीएमआय स्प्लिटर जोडावा, आणि किमतीची तुलना करताना स्प्लिटरचे पैसे डोंगलच्या किमतीत धरावेत.

संगणकावर गेम खेळून त्याच संगणकावरून स्ट्रीम करणाऱ्याला यातले काहीच लागत नाही. ओबीएस पडदा थेट टिपते. अँड्रॉइड फोनवर खेळणाऱ्यांनीही आधी एससीआरसीपीवाय (scrcpy) हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. साध्या यूएसबी केबलने फोनचा पडदा संगणकावर येतो आणि अँड्रॉइड ११ पासून पुढे आवाजही येतो, तर अनेक स्वस्त फोनच्या यूएसबी-सी तोंडातून एचडीएमआय चित्र मुळात बाहेरच पडत नाही.

प्लेस्टेशन ४ किंवा ५ जोडल्यावर पडदा काळाच राहिला, तर डोंगल परत पाठवण्याची घाई करू नये. कन्सोलच्या सेटिंगमध्ये एचडीसीपी, म्हणजे चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण, चालू असेल तर चित्र टिपता येत नाही. ते बंद केले की गेम दिसू लागतो, मात्र चित्रपट दाखवणारी काही अॅप तोवर चालत नाहीत, तेव्हा स्ट्रीम संपल्यावर ते पुन्हा चालू करावे.