पार्किंगच्या कॉलमना कार्बन फायबर रॅपिंग : १४ महिन्यांनंतर

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. आमच्या सोसायटीच्या ऑडिटमध्ये स्टिल्ट पार्किंगचे सहा कॉलम कमकुवत निघाले. आरसीसी जॅकेटिंग (कॉलमभोवती सळ्या बांधून काँक्रीटचा नवा थर) केलं असतं तर प्रत्येक कॉलम चारही बाजूंनी १०० मिमी जाड झाला असता आणि दोन गाड्यांची जागा गेली असती. कार्बनच्या धाग्यांचं कापड ते चिकटवणाऱ्या एपॉक्सी रसायनासकट काही मिलिमीटरमध्ये बसतं, म्हणून ते निवडलं.

कंत्राटदार प्लास्टर खरवडून लगेच कापड गुंडाळायला निघाला होता. आमच्या कन्सल्टंटबाईंनी काम थांबवलं, त्यांचे उपकार आहेत. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. कापड गंज थांबवत नाही, फक्त झाकतं. मग बीमखाली ठेके देऊन सळईच्या मागपर्यंत सैल काँक्रीट काढलं, गंज साफ केला, झिजलेल्या सळ्यांना जोड दिले, मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) भरलं. मुळात ज्या गळक्या पाइपामुळे हे झालं, तोही बदलला. निम्मा खर्च इथेच गेला आणि तो योग्यच होता.

भार आला की कॉलम आडवा फुगू बघतो. आडवं गुंडाळलेलं कापड त्याला आवळून धरतं. गोल कॉलमला हा आवळ सगळीकडून सारखा मिळतो, आमच्यासारख्या चौकोनी कॉलमला मुख्यतः कोपऱ्यांवर. म्हणून कोपरे घासून गोल करावेच लागतात, नाहीतर धारेवर धागे तुटतात.

पुल-ऑफ टेस्टला, म्हणजे कापड ओढून ते किती घट्ट चिकटलंय हे बघण्याच्या चाचणीला, प्रति चौ. मिमी किमान १.४ न्यूटन हवं होतं. एका कॉलमवर कापड काँक्रीटपासून अलगद सुटून आलं, पृष्ठभाग ओलसर राहिला होता. तो कॉलम पुन्हा केला. दुसऱ्यावर नाण्याने ठोकल्यावर तळहाताएवढा भाग पोकळ वाजला. तिथे एपॉक्सी इंजेक्ट केली.

एक अख्खा पावसाळा गेला. कडा कुठे सुटलेल्या नाहीत, नवी भेग नाही. एका कॉलमचं प्लास्टर मात्र पापुद्र्यासारखं निघालं, कारण ओल्या एपॉक्सीवर वाळू टाकायची राहिली होती. गुळगुळीत एपॉक्सीला प्लास्टर धरत नाही.

मला खरी काळजी आगीची वाटते. ६० ते ८० अंशांच्या आसपास एपॉक्सी मऊ पडू लागते. कॉलमला टेकून असलेला स्कूटर चार्जिंगचा पॉइंट आम्ही हलवला, रद्दीचे गठ्ठे काढले. गेल्या महिन्यात एका सभासदाने पाण्याचा पाइप अडकवायला कॉलमवर ड्रिल लावलं. वॉचमन धावत आला म्हणून वाचलो. आता सहाही कॉलमवर लाल रंगात लिहिलंय : भोक पाडू नये.