बीबीएफ पेरणी यंत्र: सोयाबीनसाठी घेण्यासारखं, पण तबकडी आणि चाक बघूनच

पाऊस आता मराठवाडा-विदर्भात एक तर दडी मारतो, नाहीतर एका रात्रीत शेताचं तळं करतो. भारी काळ्या रानात सपाट पेरलेलं सोयाबीन दोन्हीकडून मार खातं. अशा रानासाठी ट्रॅक्टरचं बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पेरणी यंत्र, खरंच कामाचं आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी ही पद्धत विकसित केली आणि 2018 पासून ‘पोकरा’ म्हणजे राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने तिचा चांगला प्रसार केला.

120 सेंमीचा वरंबा, त्यावर 30 सेंमी अंतराने चार ओळी आणि दोन वरंब्यांमध्ये 30 सेंमीची सरी. जादा पाणी सरीतून निघून जातं, खंड पडला की तिथेच मुरलेली ओल कामी येते. एकरी 30 किलो बियाणं लागायचं तिथे 22 किलोत भागतं.

यंत्राची खरी परीक्षा तबकडीत, म्हणजे खाचांमधून बी मोजून नळीत सोडणाऱ्या चकतीत. खाचा दाण्याच्या मापाच्या नसल्या तर सोयाबीनची नाजूक टरफलं फुटतात आणि उगवण घटते. म्हणून रानात उतरण्याआधी तबकडी फिरवणारं यंत्राचं चाक उचलून 25 फेरे द्या. चाकाचा घेर 1.6 मीटर असेल तर ते 40 मीटर झाले, 1.5 मीटर रुंदीने 60 चौरस मीटर. एकरी 22 किलोच्या हिशेबाने चारही नळ्यांचं मिळून साधारण 330 ग्रॅम बियाणं पडायला हवं. त्यात फुटके दाणे दिसले तर तबकडी बदलून मागा, दुकानदार काहीही म्हणो.

वाफसा नसताना, म्हणजे रान ओलं-चिकट असताना घाई केली तर फणाच्या तोंडात चिखल बसतो, नळी तुंबते, चाक घसरतं आणि मागे ओळभर जागा रिकामी राहते. वेग ताशी 4 किमीच्या आत, बी 3 ते 5 सेंमी खोल. टॉप लिंक (यंत्र ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) नीट जुळवली नाही तर पुढच्या-मागच्या फणांची खोली सारखी राहत नाही. पेरा उताराला आडवाच हवा, सरीला मात्र शेवटी चराकडे वाट द्या. ती नसली तर पाणी वरंबा फोडून निघतं.

उणी बाजू डवरणीची, म्हणजे ओळींमधलं तण काढण्याची. नेहमीचा डवरा वरंब्याची कड ढासळवतो, त्यामुळे डवऱ्याची पास (माती कापणारं पातं) वरंब्याच्या मापाची करून घ्यावी लागते. हलक्या मुरमाड रानात फायदा कमी दिसतो, आणि दोन-तीन एकरवाल्याने विकत घेण्यापेक्षा गटातून किंवा अवजार बँकेतून भाड्याने आणावं.