‘लंडन गॅझेट’चा सुटा अंक: पहिल्या खरेदीसाठी कसा आहे?

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा संग्रह सुरू करायचा तर 1670-80च्या दशकांतला ‘लंडन गॅझेट’ या इंग्लंडच्या सरकारी वर्तमानपत्राचा साधा अंक घ्यावा. साधाच. लंडनच्या आगीची बातमी देणारा 1666चा 85वा अंक किंवा ट्रफाल्गरच्या लढाईचा 7 नोव्हेंबर 1805चा ‘टाइम्स’ सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून त्यांच्या नंतर छापलेल्या प्रतिकृतीही रग्गड फिरतात. साध्या अंकाची नक्कल करायला कोण बसणार?

हाती पडतं एकच पान: दोन रकाने, दोन्ही बाजूंनी छपाई. चित्र नाही, ठळक मथळा नाही. भिंतीवर मिरवायला अगदीच फिकं. पुढे दरबार आणि परदेशच्या बातम्या, मागे तळाशी जाहिराती. हरवलेल्या घोड्याचा रंग, खुणा, बक्षीस सगळं तिथे सापडतं. वाचण्याची मजा तिथेच.

कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून साडेतीनशे वर्षांनीही लवचीक. लाकडाच्या लगद्यावरची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची पानं याउलट बोट लागताच कोपऱ्यात तुटतात. पान उजेडासमोर धरा. जवळजवळच्या बारीक आडव्या रेषा आणि साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या रेषा दिसायला हव्यात. मग दिवा बाजूने तिरका धरा: छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या अक्षरांचा, दाब मागच्या बाजूला उमटलेला दिसतो. कागद एकसारखा चहाच्या रंगाचा आणि छपाई सपाट असेल तर संशय घ्या. वर्तमानपत्रांवरचा कर भरल्याची लाल मुद्रा 1 ऑगस्ट 1712 पासून आली. सतराव्या शतकातल्या अंकावर ती दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

बहुतेक अंक बांधीव खंडांतून सोडवलेले असतात. डाव्या कडेची टाक्यांची भोकं चालतील, तपकिरी ठिपकेही चालतील. बाइंडरच्या सुरीने वरची तारीख किंवा तळाची मुद्रकाची ओळ खाल्ली असेल तर नको. चिकटपट्टी लावलेला तर नकोच. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग सहसा पुरता जात नाही.

तारखेत विक्रेतेही फसतात. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागे. ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ नाव बदलून ‘लंडन गॅझेट’ झाला त्या 24व्या अंकावर फेब्रुवारी 1665 छापलंय. आपल्या हिशेबाने ते 1666. सुदैवाने गॅझेटच्या संकेतस्थळावर जुने अंक फुकट पाहता येतात. पैसे देण्याआधी अंकाचा क्रमांक आणि प्रत्येक रकान्याची शेवटची ओळ ताडून घ्या. इतकी सोपी पडताळणी दुसऱ्या कुठल्या जुन्या पत्राची क्वचितच होते.

घरी आणल्यावर दोन कडा उघड्या असलेलं पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा पुरे. पीव्हीसीचं पाकीट काही वर्षांत चिकट होतं. लॅमिनेशन म्हणजे अंक गेलाच. चौकट हवीच असेल तर तिच्यात छायाप्रत घाला, मूळ पान अंधारात आडवं ठेवा.