कायो स्पोर्ट्स : दोन ‘फूटी’ एकाच पडद्यावर

मेलबर्नमध्ये ‘फूटी’ म्हटले की ऑस्ट्रेलियन रूल्स समजायचे आणि सिडनीत तोच शब्द रग्बी लीगसाठी वापरायचा. या दोन मुलखांमधल्या सीमेला इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये ‘बारासी रेषा’ असे नाव दिले. आम्ही मेलबर्नहून सिडनीला बिऱ्हाड हलवले, तेव्हा जुना खेळ सुटू नये आणि नवा कळावा, म्हणून कायो या इंटरनेटवरून खेळ दाखवणाऱ्या सेवेची वर्गणी भरली.

या सेवेचा मोठा गुण म्हणजे दोन्ही खेळांचे साखळी सामने थेट दिसतात आणि पडदा विभागून ते शेजारी शेजारीही लावता येतात. ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये गोल झाला की गोल पंच दोन्ही तर्जनी पुढे करतो आणि मग दोन झेंडे हलवतो. मोफत वाहिनीवर एवढ्यात जाहिरात सुरू होते, इथे मात्र खेळाडू आपापल्या जागी परतेपर्यंत कॅमेरा मैदानावरच राहतो. तरीही छत्तीस खेळाडूंचे ते प्रचंड लंबवर्तुळाकार मैदान पडद्यात मावत नाही, आणि चेंडूपासून दूर कोण धावतो आहे ते दिसतच नाही. शेजारच्या चौकटीतली रग्बी लीग जणू टीव्हीसाठीच आखलेली वाटते. आयताकृती मैदान, प्रत्येकी तेरा खेळाडू, सहा पकडींत चेंडू सोडण्याची सक्ती. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला तिघांनी मिळून घातलेली पकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शेजारी शेजारी पाहिल्यामुळे कोणत्या खेळाला प्रेक्षक जास्त, या वादाकडेही मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. ऑस्ट्रेलियन रूल्सचा सामना सुमारे अडीच तास चालतो, तर रग्बी लीगचा दोन तासांच्या आत संपतो. त्यामुळे सरासरी प्रेक्षक मोजायचे की पाहिलेले एकूण तास, यावर निकाल फिरतो. पूर्वी पाच महानगरांचेच आकडे ठळकपणे छापले जात. त्यांपैकी मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थ ही तीन शहरे ऑस्ट्रेलियन रूल्सची, त्यामुळे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या लहान गावांतला लीगचा प्रेक्षक हिशेबाबाहेर राही, आणि हा अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलियन रूल्सचे २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे प्रक्षेपणहक्क साडेचार अब्ज डॉलरना गेले आहेत; एवढा पैसा गुंतल्यावर आपल्याला सोयीचा आकडा प्रत्येकजण पुढे करणारच.

मर्यादा मात्र मोठी आहे. ज्या सामन्यांना सर्वाधिक प्रेक्षक लाभतात, तेच इथे थेट दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियन रूल्सचा अंतिम सामना चॅनल सेव्हन या मोफत वाहिनीकडे, तर लीगचा अंतिम सामना आणि क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स अशा ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ मालिकेच्या तिन्ही लढती चॅनल नाइन या मोफत वाहिनीकडे आहेत. त्या दिवशी आम्ही अँटेनाची वायर जोडतो.

म्हणूनच, जी मराठी घरे वर्षातून फक्त हेच चार-पाच सामने पाहतात, त्यांना मी वर्गणी घेऊ नका असेच सांगतो. मार्चपासून दर आठवड्याला सामने पाहणाऱ्यांनी, विशेषतः आपल्या खेळाच्या मुलखाबाहेर राहणाऱ्यांनी, ती जरूर घ्यावी.