जेबीएल एल१०० सेंच्युरी : जुनी जोडी, नवा रिसीव्हर

आमच्या रत्नागिरीच्या घरात बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी सत्तरच्या दशकात आणलेली जेबीएल या अमेरिकन कंपनीच्या एल१०० सेंच्युरी स्पीकरची जोडी कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. गेली दोन वर्षे ती मी नव्या एव्ही रिसीव्हरला (चित्रपट-संगीताचा आवाज स्पीकरांना पुरवणाऱ्या अँप्लिफायरला) जोडून रोज ऐकतो आहे. १९७० साली बाजारात आलेला हा स्पीकर आजच्या होम थिएटरमध्ये समोरच्या डाव्या-उजव्या जागी उत्तम काम देतो, मात्र त्याआधी त्याची नीट डागडुजी करावी लागते.

जोडी खाली उतरवली तेव्हा पुढची नारिंगी फोमची जाळी बोट लावताच भुगा होऊन हाताला चिकटली. नव्या जाळ्या विकत मिळतात. सुदैवाने १२ इंची वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, कड फोमची नसून प्रक्रिया केलेल्या कापडाची आहे, त्यामुळे ती आमच्या दमट हवेतही शाबूत होती. खरा त्रास दिला तो मधल्या आणि वरच्या सुरांची पातळी ठरवणाऱ्या 'प्रेझेन्स' आणि 'ब्रिलियन्स' या दोन बटणांनी. खाऱ्या हवेने आतले संपर्क गंजले होते. बटण फिरवले की खरखर होई आणि उजव्या बाजूचा ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मधूनच मुका होई. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटणे पन्नास-साठ वेळा मागेपुढे फिरवल्यावर आवाज परत आला. कोणते सूर कुठल्या स्पीकरकडे जावेत हे ठरवणारे जुने कपॅसिटरही बदलावेच लागतात, पण ते मूळ मूल्याचेच हवेत. एका दुरुस्तीवाल्याने मला मोठ्या मूल्याचे बसवून दिले, तेव्हा ट्विटरकडे नको तितके खालचे सूर जाऊन तो कर्कश झाला. शेवटी ते काढून मधले सूर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी ८ आणि ट्विटरसाठी ३ मायक्रोफॅरडचे घातले, तेव्हा कुठे जोडी सुरात आली.

या स्पीकरमध्ये वूफरच्या वाटेत वरचे सूर अडवणारी एकही कॉइल नाही, म्हणून वूफर मधल्या सुरांतही मोकळेपणाने वाजतो. गायकाच्या आवाजाला जी छाती मिळते आणि तबल्यातल्या डग्ग्याची घुमारी जशी अंगावर येते, ती मला आजच्या सडपातळ टॉवर स्पीकरांत सापडलेली नाही. वसंतराव देशपांडे यांची जुनी ध्वनिमुद्रणे या जोडीवर ऐकताना तान संपवून घेतलेला श्वाससुद्धा समोर बसल्यासारखा ऐकू येतो. उलट, कागदी कोनाचा ट्विटर वरचे सूर फारसे पसरवत नाही. झांजेची नाजूक किणकिण हवी असणाऱ्याला तो अपुरा वाटेल, आणि ते खरेही आहे.

चित्रपटांसाठी मी सेंटर स्पीकर (संवादांसाठी पडद्याजवळ मध्ये ठेवायचा) लावलेलाच नाही. नव्या सेंटरचा आवाज या जोडीशी जुळत नाही, पात्र पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे गेले की त्याचा आवाजच बदलतो. रिसीव्हरमध्ये 'सेंटर नाही' असे सांगितले की संवाद दोन्ही स्पीकरांत वाटले जातात आणि मध्ये बसणाऱ्याला ते थेट पडद्यातून आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याला मात्र ते जवळच्या स्पीकरमधून येतात, ही उणीव मान्य करावीच लागते. मागचे स्पीकर नवे असले तरी चालतात. रिसीव्हरचा मायक्रोफोन लावून खोलीचे मोजमाप घेण्याआधी दोन्ही बटणे मध्यावर ठेवावीत आणि सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर त्याच्याकडे वळतात ती सीमा, ६० हर्ट्झवर ठेवावा. ८ ओहमचा हा स्पीकर साध्या रिसीव्हरलाही जड जात नाही.

पावसाळ्यात मी पेट्या जांभ्याच्या भिंतीपासून हातभर पुढे, बुटक्या लाकडी स्टँडवर ठेवतो आणि रोज तासभर तरी वाजवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या नुसत्या झाकून ठेवल्या, तर अक्रोडाच्या लाकडी पापुद्र्यावर बुरशी धरते आणि बटणे पुन्हा खरखरू लागतात.

जुनी जोडी घेणाऱ्याने चारही बटणे फिरवून, जाळी काढून आणि वूफरचा कोन बोटांनी हलकेच आत दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर ती जोडी सोडून द्यावी. एवढी खटपट नको असेल, तर २०१८ साली आलेला त्याच रूपातला, टायटॅनियमच्या डोम (घुमटाकार) ट्विटरचा एल१०० क्लासिक हा पर्याय आहे.